तेरा नंबरचा तांबडा

सोलापुरात डाईंगच्या धंद्यातली जुनी माणसं एकत्र बसली की मास्तरांची गोष्ट हमखास निघते. आयुष्यभर जपलेल्या अकरा पत्र्याच्या छोट्या ट्रामगाड्या त्यांनी एका सकाळी कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या पाण्यात बुडवल्या, ती गोष्ट. सांगणारा हसतो, ऐकणारे हसतात, आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, "डोस्कं फिरलं होतं हो त्यांचं." मी तिथं असलो तर खाली बघत चहा पितो. ही गोष्ट अर्धी आहे. उरलेली अर्धी माझ्याजवळ आहे, आणि मी बाहत्तर वर्षांचा झालो आहे. आणखी वाट बघण्यात अर्थ नाही.

मास्तर म्हणजे आमच्या डाईंगचे रंगमास्तर. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या कारखान्यांना आम्ही सूत रंगवून देत असू. कोणत्या लॉटला कुठला रंग किती पडायचा, सूत कढईतून कधी काढायचं, हे मास्तर ठरवत. मी मंद्रूपहून आलेला, बाविसाव्या वर्षी त्यांच्या हाताखाली लागलो. माझी खोली पूर्व भागात त्यांच्या घरासमोरच होती, त्यामुळे कामाच्या दिवशी डाईंगमध्ये आणि सुट्टीच्या दिवशी त्यांच्या माडीवर, असा मी सोळा वर्षं त्यांच्या सावलीत वावरलो.

त्यांचं घर तेलुगू. बायकोशी आणि मुलीशी तेलुगू, आमच्याशी सोलापुरी मराठी, आणि मालकाशी बहुतेक वेळा काहीच नाही. तरुणपणी ते सात वर्षं मुंबईला होते. ट्राम दुरुस्त करायच्या कारखान्यात रंग द्यायच्या शेडमध्ये काम करायचे. ट्राम बंद झाल्या आणि ते गावी परत आले. एवढीच त्यांची मुंबई. समुद्राबद्दल कधी बोलले नाहीत. ट्राममध्ये किती वेळा बसलात असं मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, "चारदा. मला काय करायचंय बसून? आमच्याकडं यायची तेव्हा ती उभी असायची."

म्हणूनच त्यांनी केलेल्या ट्रामसुद्धा उभ्या असत. फुटाला तीन सूत हे त्यांचं माप. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; खऱ्या गाडीचा एक फूट तो यांच्या गाडीत अर्ध्या इंचालाही कमी. पत्रा कापून, वाकवून, कथलाचे डाग देऊन जोडून ते फूटभर लांबीची गाडी उभी करत. बाकं, जिना, ड्रायव्हरचा दांडा, पायानं वाजवायची घंटा, सगळं. चाकं मात्र खिळ्यानं पक्की केलेली. गल्लीतली पोरं विचारायची, चालत का नाही? मास्तर म्हणायचे, "चालली की रंग दिसत नाही."

खरी गोष्ट रंगाचीच होती. एका गाडीवर एका काळातली रंगाची तऱ्हा. खालचा पट्टा कोणता, वरचा कोणता, मधली रेघ किती जाड, आकडा कुठल्या रंगात. पत्र्याचं काम महिन्यात व्हायचं, रंगाला वर्ष लागायचं. रंग फक्त सकाळी नऊ ते दहा या वेळात बघायचा, उत्तरेच्या खिडकीत. अंगात पांढरा सदरा. माडीवर येणाऱ्या माणसाचा शर्ट रंगीत असला तर त्याच्या छातीवर पांढरा टॉवेल टाकायला लावत. शर्टाची झाक नमुन्यावर पडते म्हणे. एकदा मुलीला बघायला आलेले पाहुणे चुकून माडीवर चढले आणि चौघंही टॉवेल पांघरून बसले. न्हाव्याच्या दुकानात बसल्यासारखे. लग्न मोडलं नाही, उलट ठरलं, पण व्याही पुढं कित्येक वर्षं विचारत राहिले, "मास्तर, टॉवेल आणू का घरनं?"

त्याच लग्नाच्या साडीसाठी आम्ही नवी पेठेत गेलो होतो. दुकानातल्या ट्यूबलाईटखाली साडी बघायची मास्तरांची तयारी नव्हती. साडी उलगडून ते भर रस्त्यात गेले, एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. मागं तीन रिक्षा थांबल्या. दुकानदार पायरीवरून ओरडला, "मास्तर, साडी घ्यायचीय का उन्हात वाळवायचीय?" मास्तरांनी ऐकलं नाही. मागच्या रिक्षावाल्यालाच विचारलं, "हा काठ आणि हा पदर एकाच लॉटचा वाटतो का बे तुला?" तो बिचारा म्हणाला, "मला सगळं एकच दिसालंय हो." मास्तर मला म्हणाले, "बघ, असली माणसं सुखी."

फळाफुलांची नावं रंगांना दिलेली त्यांना खपत नसत. डाळिंबी म्हटलं की चिडायचे. तीन डाळिंबं फोडली तर तीन रंग निघतात, मग डाळिंबी कशाला म्हणायचं? त्यांच्याकडं सगळ्याला नंबर. ट्रामचे एकूण चौदा रंग, एक ते चौदा. रंग मिसळताना थेंब मात्र तेलुगूत मोजायचे, ओकटी, रेंडू, मूडू, आणि मध्ये कुणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून.

हे सगळं कशासाठी, असं मी त्यांना एकदाच विचारलं. त्यांनी कपाटातून ट्रामचे दोन-तीन फोटो काढून माझ्यासमोर टाकले. काळेपांढरे. "काय रंग आहे सांग." मी म्हटलं, कसं सांगणार? "तेच की. फोटोत सगळ्या राखाडी. ज्यांनी बघितल्या ते मरालेत. मी गेलो की रंग गेला." त्यांना फार काही नको होतं. जाणत्या कुणीतरी एकदा त्या गाड्या बघाव्यात आणि हे रंग खरे आहेत असं म्हणावं, एवढंच.

त्यांच्या आठवणीवर त्यांचा स्वतःचा भरवसा नव्हता, हे इथं सांगायला हवं. डाईंगचा नियमच आहे तो. आठवणीवरून शेड, म्हणजे रंगाची छटा, जुळवायची नाही, नमुन्यावरून जुळवायची. मुंबईच्या शेडमध्ये ज्या बादल्यांतून त्यांनी गाड्या रंगवल्या, त्यातल्या प्रत्येक रंगाची एक पत्र्याची पट्टी त्यांनी बरोबर आणली होती. सोलापुरात आल्यावर त्यांनी प्रत्येक पट्टीचे दोन तुकडे केले. एक कामाचा नमुना. असे चौदा तुकडे खिडकीशेजारी दोरीवर चिमट्यांनी लावलेले. दुसरा मूळ नमुना, काळ्या कागदात गुंडाळून तंबाखूच्या डबीत. कामाचा नमुना उजेडानं उडतो, मूळ उडत नाही. शंका आली की मूळ काढायचा. सुट्टीच्या दिवशी पट्ट्यांवरची धूळ पुसायचं काम माझ्याकडं होतं, आणि डबीला त्यांच्याखेरीज हात लावायची परवानगीही मला एकट्यालाच होती.

एका सुट्टीला धूळ पुसताना तेरा नंबरची पट्टी माझ्या हातून निसटली आणि खिडकीतून खाली गेली. खाली गटार. मी उतरून काठीनं ढवळलं, सापडली नाही. तेरा नंबर म्हणजे एक तांबडा. तो फक्त सगळ्यात जुन्या तऱ्हेच्या गाडीवर होता आणि ती गाडी मास्तरांनी शेवटी करायची म्हणून ठेवली होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तेलकट हातानं नमुना धरला म्हणून त्यांनी एका कामगाराशी महिनाभर अबोला धरलेला मी बघितला होता. दोरीवर रिकामा चिमटा दिसायला नको म्हणून मी डबीतली मूळ पट्टी काढली आणि तिथं लावली. वाटलं, एखाद्या दिवशी तसाच रंग करून दुसरी पट्टी बनवीन आणि ही परत ठेवीन.

तो एखादा दिवस आला नाही. मूळ नमुन्यावरून सोलापूरचे दोन उन्हाळे गेले.

मग पुण्याहून पत्र आलं. निवृत्त इंजिनियर, जुन्या ट्रामच्या छोट्या प्रतिकृती गोळा करणारे गृहस्थ. मास्तरांच्या नातेवाइकानं त्यांना फोटो दाखवले होते. एका दालनात या गाड्या कायमच्या मांडायचा त्यांचा विचार होता, प्रत्येक गाडीखाली रंगाची माहिती आणि रंग जुळवणाऱ्याचं नाव. सगळ्यात जुन्या तऱ्हेची गाडी मिळाली तर संच पुरा होईल, असं त्यांनी लिहिलं होतं. मास्तरांनी ते पत्र मला तीनदा वाचायला लावलं. दुसऱ्या दिवशी डाईंगमध्ये ते सगळ्यांशी बोलले, मालकाशीसुद्धा.

ते एका लग्नासाठी अक्कलकोटला गेले तेव्हा मी माडीवर गेलो. दोरीवरची तेरा नंबरची पट्टी काढली. रंग उडाला होता. वरच्या कडेला, जिथं चिमट्याचे दात बसत, तिथं नखाएवढा भाग मात्र गर्द राहिला होता. तो डाग बघून मास्तरांना क्षणात कळलं असतं. मी पत्रा कापायची कातर घेतली आणि तेवढी कड कापून टाकली. उरलेली पट्टी काळ्या कागदात गुंडाळून डबीत ठेवली. ते परत आल्यावर सांगितलं की कामाची पट्टी वाऱ्यानं खाली पडली, गटारीत गेली. ते म्हणाले, "जाऊ दे की. मूळ आहे."

ज्या सकाळी त्यांनी डबी उघडली त्या सकाळी मी समोर होतो. कागद सोडून ते खिडकीत गेले. बराच वेळ पट्टी हातात धरून उभे राहिले.

"असं नव्हतं हे," ते म्हणाले.



"गर्द होतं जरा. काळ्याकडं झुकणारं." मग स्वतःशीच हसले. "तीस वर्षं झाली की. डोळा कुठवर लक्षात ठेवणार? नमुना म्हणतो तेच खरं. तुला शिकवणारा मीच ना बे?"

"व्हय मास्तर," मी म्हटलं.

नमुना खोटा आणि डोळा खरा होता. त्यांनी मला शिकवलेल्या नियमानंच त्यांना फसवलं, आणि मी ते बघत राहिलो. त्या फिक्या तांबड्यावर त्यांनी सात महिने काम केलं.

पुण्याचे गृहस्थ आले ते सभ्य होते, त्यांना मी कधी दोष दिलेला नाही. दहा गाड्या त्यांनी तास-दीड तास बघितल्या आणि प्रत्येक वेळी मान डोलावली. अंगावरचा टॉवेलसुद्धा विनातक्रार सांभाळला. अकराव्या गाडीशी थांबले. पिशवीतून त्यांनी पत्र्याचा एक तुकडा काढला. भंगारात मिळालेल्या खऱ्या गाडीचा, तिच्या आकड्याच्या पाटीखालचा. पाटी पुढं कधीही काढली गेली नव्हती, त्यामुळे आतला रंग जसाच्या तसा होता. त्यांनी तो अकराव्या गाडीशेजारी धरला. फरक लांबूनही दिसत होता.

"थोडा फिका झालाय," ते हळूच म्हणाले. "नमुना उन्हात राहिला असेल."

"उन्हात?" मास्तर म्हणाले. "मूळ नमुना आहे हा. अंधारातला." आणि माझ्याकडं वळले. "डबी कधी उघडी राहिली का रे?"

तेव्हा मी अडतीस वर्षांचा होतो. दोन मुलांचा बाप. पोरसवदा म्हणून सुटका नाही.

"नाही मास्तर," मी म्हटलं.

गृहस्थांनी समजावलं की दहा गाड्या उत्तम आहेत, अकरावी पुन्हा रंगवता येईल, घाई नाही. मास्तर ऐकत होते असं वाटत नव्हतं. पाहुणे गेल्यावर ते दोरीवरच्या पट्ट्यांकडं बघत बसले. नमुना अंधारात होता, म्हणजे उडालेला नाही. उडालेला नाही तरी फिका आहे, म्हणजे मुंबईतच फिका होता. म्हणजे बादलीत तो तसाच मिसळला होता. त्यांनीच. हे सगळं त्यांनी मला एक-एक करून सांगितलं, एखादा लॉट का बिघडला ते सांगावं तसं, शांतपणे. शेवटी म्हणाले, "म्हणजे तिथं मी खऱ्या गाड्या चुकीच्या रंगवल्या. आणि कुणी मला बोललं नाही. मग बाकीचे तेरा तरी बरोबर कशावरून?"

तिसऱ्या दिवशी सकाळी ते अकराही गाड्या चादरीत बांधून डाईंगमध्ये घेऊन आले. मला म्हणाले, कॉस्टिकचं पाणी लाव, गरम. सूत उकळायच्या टाकीत मी कॉस्टिक टाकलं. पहिल्या वेळी कमी पडलं, पुन्हा टाकलं, पुन्हा टाकलं. हातावर उडालं, मनगटाशी अजून वण आहे. कामगार गोळा झाले. मास्तरांनी एकेक गाडी सोडली. रंग आधी फुगला, मग पापुद्रे सुटून पाण्यावर आले, तांबडे, पिवळट, हिरवे, आणि थोड्या वेळानं सगळं मिळून मातकट झालं. शेवटी त्यांनी दोरीवरच्या पट्ट्या आणि डबीतली पुडकीही आत टाकली. त्या क्षणी माझ्या जिभेवर शब्द आले होते. मास्तर, थांबा. दोनच शब्द. तेरा रंग अजून खरे होते, ते वाचले असते. मी काठीनं गाड्या बाहेर काढत राहिलो. उघड्या पत्र्याच्या, पांढुरक्या.

त्याच दुपारी ते मालकाकडं गेले आणि म्हणाले, माझा डोळा गेला, आता याला मास्तर करा. याला म्हणजे मला. मी ते पद घेतलं. बावीस वर्षं लोकांनी मला मास्तर म्हटलं.

ते पुढं तेरा वर्षं जगले. घराच्या ओट्यावर बसायचे. पांढरा सदरा सुटला. जावयाचे जुने चौकड्याचे, रेघांचे, मिळेल तो शर्ट घालायचे. मी जाता-येता थांबायचो. ते विचारायचे, शेड जुळतात का, मालक त्रास देतो का. एकदा एका गुलाबी लॉटबद्दल अडलो होतो, सुताची लडी घेऊन त्यांच्याकडं गेलो. त्यांनी ती हातातसुद्धा घेतली नाही. "तुझा डोळा चांगला आहे. माझ्या डोळ्यावर जाऊ नको," म्हणाले. लडीत पिवळं जास्त झालंय हे त्यांना ओट्यावरनंच दिसलं असणार. पण ते बोलले नाहीत. स्वतःवरचा विश्वास मी त्यांच्याकडून असा काढून घेतला होता की समोर दिसत असलेलंही त्यांना खरं वाटेना. सांगायचं म्हणून मी घरून निघालो, असं तीन-चारदा झालं. प्रत्येक वेळी दुसऱ्याच विषयावर बोलून परत आलो. आणि मग एक दिवस तिरडीला खांदा दिला. तेव्हाही मला पुढचा खांदा मिळाला, पट्टशिष्य म्हणून.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. ती आता साठीला टेकली आहे. घर विकून लेकाकडं जायचं आहे, माळ्यावर नानांच्या गाड्या आहेत, तुम्ही एकदा या. ती वडिलांना नाना म्हणायची. मी गेलो. अकरा उघड्या गाड्या तिनं फरशीवर ओळीनं मांडल्या होत्या, जागोजागी गंजलेल्या.

"काका, तुम्हाला रंग माहीत आहेत," ती म्हणाली. "लेक म्हणतो, रंगवून घेऊ. एकदा पुन्हा तशा दिसू देत."

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. गटारीपासून कातरीपर्यंत, आणि "नाही मास्तर" म्हटलं तेही. ती म्हणाली, "अम्माला ते शेवटपर्यंत म्हणायचे, मी सात वर्षं लोकांच्या गाड्या खराब केल्या. अम्मा म्हणायची, असू दे हो, कुणाच्या लक्षात आहे. त्यांच्या लक्षात होतं ना." मग म्हणाली, "तुमच्याबद्दल सांगायचे, त्या पोरानं हात भाजून घेतला पण मला एकटं सोडलं नाही."



"मग खरा रंग कसा होता? तेरा नंबर?"

न उडालेला तो रंग माझ्या हातात दोनदाच आला होता, मूळ पट्टी दोरीला लावताना आणि कड कापताना. दोन्ही वेळा माझं लक्ष जिन्याकडं होतं, कुणी येतंय का म्हणून. पुण्याच्या गृहस्थांनी तुकडा धरला तेव्हा मी मास्तरांच्या तोंडाकडं बघत होतो. मी तिला खरं ते सांगितलं की मला आठवत नाही. तेरा नंबर नाही आणि बाकीचेही नाहीत. ज्याला आठवत होते त्याला मी खोटं ठरवलं.

तिनं कपाटातून वहीचा कागद आणि पेन आणून माझ्यापुढं ठेवलं. "लिहून द्या," म्हणाली. "सही करून."

मी लिहिलं की मास्तरांचा डोळा कधीही चुकला नव्हता, मुंबईत त्यांनी दिलेले रंग बरोबर होते, आणि नमुना फिका झाला तो माझ्या चुकीमुळे. खाली सही केली. तिनं चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि कागद परत माझ्यासमोर सरकवला.

"चूक नका लिहू, काका. पट्टी पडली ती चूक."

मी तो शब्द खोडला. वर लबाडी असं लिहिलं आणि खोडल्याच्या शेजारी पुन्हा सही केली. तिनं कागदावरून पुसल्यासारखा हात फिरवला, घडी घातली, आणि गाड्या रंगवायच्या नाहीत असं म्हणाली. त्या घरात आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी चहाचं विचारलं नाही. मी चपला घातल्या आणि जिना उतरलो.